गोदूबाईच्या काळजाची पट्टी

रोह्याशेजारी वरशे गावातल्या त्या इमारतीत गोदूबाई आषाढात चढली, ती कार्तिक लागला तरी खाली उतरली नव्हती. चढली म्हणणंही तसं खरं नाही. तिचा मुलगा जगन आणि त्याच्या कंपनीतला एक मित्र, दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यापर्यंत उचलून आणलं होतं. जिन्यात शेजारणी दारं उघडून बघत होत्या. गोदूबाईने पदर पार डोळ्यांवर ओढून घेतला. चाळीस पावसाळे भाताचे भारे डोक्यावरून आणलेली बाई, आणि आता तीच कुणाच्या तरी हातातला भारा झाली होती.

घर तिचं खांबला. हमरस्त्यावरून आत वळलं की आंब्याखाली मातीच्या भिंतींचं, कौलारू. मागे दारातूनच शेत सुरू होई. नवरा, बाबाजी, जाऊन आठ वर्षं झाली होती. जगन रोह्याला कंपनीत लागला, लग्न करून वरशाला भाड्याच्या खोल्यांत राहिला. गोदूबाई एकटीच पावसाळ्यात भात लावी आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरी. गावात कुणी विचारलं, की एकटीला कसं होतं गो, तर म्हणे, "एकटी कुठं? शेत हाय की."

पण गेलं वर्षभर तिला दम लागत होता. आधी बांध चढताना, मग हंडा उचलताना, मग नुसतं ओटीवरून उठताना. संध्याकाळी पाय सुजत. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय, आणि सांगणार कुणाला? लावणीच्या शेवटच्या दिवशी हातात रोपांची मूठ घेऊन ती चिखलात मटकन खाली बसली, ती उठेचना. शेजारची मैना ओरडत बांधावरून धावली. जगनला फोन गेला. त्याच्या साहेबाने सांगितलं, पेणला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे काळजाची पट्टी काढायचं यंत्र आहे, तिथेच ने.

पेणच्या दवाखान्यात तिच्या छातीला गार गार काहीतरी फासलं, हातापायांना पट्टे बांधले आणि यंत्रातून सरसर कागद बाहेर आला. डॉक्टर घाईत होते, पण माणूस मायाळू. त्यांनी कागद उलगडून त्यावर पेनाचं टोक ठेवलं. "हे बघा. इथे ही लहर वर उभी राहायला हवी. यांची खाली गेलीय. हृदयाला रक्त पुरत नाहीये. आता जिना नाही, ओझं नाही, शेत तर नाहीच नाही."

बाकीचं गोदूबाईला समजलं नाही. एवढंच समजलं, की वर असायला हवं ते खाली झालंय. जीपमधून परतताना वडखळ गेलं, नागोठणं गेलं, तिने छातीवरचा हात काढला नाही. तिला वाटत होतं, आत काळीज वटवाघळासारखं उलटं लटकलंय, आणि हात काढला की पडेल. खांब आलं. तिचा आंबा दिसला. जीप थांबली नाही.

वरशाला कुणी तिला वाईट वागवलं असं नाही. वाईट वागवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सून अनिता तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. "आई, असू दे. आई, मी देते. आई, तुम्ही बसा." दिवसभर एवढीच तीन वाक्यं. चार वर्षांची नात सुरभी जरा हसली-खिदळली, की अनिता डोळे मोठे करी. "आजीचं काळीज नाजूक आहे ना?" मग पोर भिंतीकडे तोंड करून बाहुलीशी कुजबुजे. जगनची शिफ्ट. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपे, म्हणून आवाज नाही. दिवसपाळी असली की तो घरात नसे, म्हणून आवाज नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची दोरीवरची धुणी दिसत आणि दुपारी वारा फिरला, की कंपन्यांचा तो आंबूस वास आत येई. कुणाचे कपडे कुठल्या वारी धुतले जातात, हे गोदूबाईला पाठ झालं होतं. त्या घरातलं एकही माणूस मात्र तिला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट तिने कुणाला कळू दिली नव्हती. खांबहून कपडे आणायला जगन गेला तेव्हा तिने मशेरीचा डबाही मागवून घेतला होता. त्यात मशेरी वरवर होती. खाली होती चुलीची माती. चुलीच्या भिंतीची भाजकी, लालसर ढेकळं, बोटाच्या पेराएवढी. दोनेक वर्षांपूर्वी चूल सारवताना एक तुकडा सहज जिभेवर ठेवला आणि मग ते सुटेचना. भात मचूळ लागे, भाजी मचूळ लागे, माती मात्र जिभेवर ठेवली की अंगभर बरं वाटे. वरशाला गॅस. इथे चूल कुठली? दुपारी अनिता पडली, की गोदूबाई कोपऱ्यात तोंड करून एक ढेकूळ चघळी. डोळ्यांत पाणी येई. तिला वाटे, ही घराची ओढ आहे. घर आपल्याला बोलावतंय.

"आजी, तू काय खाते?" एकदा सुरभीने विचारलं.

"मशेरी."

"मशेरी काळी असते."

"ही लाल हाय. जा, खेळ."

दिवाळी सरल्यावर मैना आली, पिशवीत नवे पोहे घेऊन. जिना चढून तिचाच श्वास वर झाला होता. दारातूनच म्हणाली, "काय गो गोदे, राणीसारखी बसलीस की!"

"राणीला खाली तरी उतरता येतं."

"काळीज बिघडलं तुजं, जीभ नाय बिघडली, बरं झालं." मैनाने पोहे अनिताच्या हाती दिले, ती आत जाईपर्यंत थांबली आणि आवाज खाली आणला. "तुला म्हाईत हाय का? भात आपल्या गावच्या गोविंदाने कापलं. वालही आता तोच पेरणार अर्धेलीने, अर्धं पीक त्याला. जगनने सांगितलंय. आन् घराची कौलं उतरवायचीत म्हणे."

"कौलं? कशाला?"

"माकडं फोडतात म्हणून. घर बंदच राहणार, मग कौलं तरी कामी येतील म्हणतो."

कौलं काढलेल्या मातीच्या घराचं काय होतं, हे गोदूबाईला कुणी सांगायला नको होतं. पहिले चार पाऊस भिंती खातील, पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे आघाडा उगवेल. मग काळीज सुलटं होवो की उलटं राहो, परत जायला जागाच उरायची नाही.

जगन जेवायला बसला तेव्हा तिने विचारलं, "कौलं उतरवतोस?"

त्याचा घास थांबला. "आये, तू काय परत तिथं एकटी राहणार हायेस? पट्टी बघितलीस ना?"

"दुसरी काढ. चार महिने झाले. सुधारलं असलं तर?"

"आन् तशीच आली तर?"

"तर कौलांचं नाव नाय काढणार."

जगन पाणी प्यायला. तो कठोर नव्हता. कंपनीत एकजण यंत्रासमोर उभ्या-उभ्या छातीत कळ येऊन गेला होता, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. "बरं," तो म्हणाला. "रोह्याच्या सरकारी दवाखान्यात काढू."

पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती उघडी दारं. दवाखान्यात पट्टी काढायला पुंडलिक नावाचा माणूस होता. पन्नाशीचा, काटकुळा, पेणच्या पलीकडच्या मिठागरांतला. रोज एसटीने रोह्याला येई. बोलण्यात हसू, पण चेहरा कोरडा.

"मावशी, अंग सैल सोडा. वीज नाय बसत. सकाळपासून तरी कुणाला नाय बसली."

गोदूबाईला हसू आलं. मैना सोडली तर चार महिन्यांत तिच्याशी कुणी मस्करी केली नव्हती. पुंडलिक घोट्याला पट्टा बांधायला वाकला आणि तसाच थांबला. त्याने तिचा पाय हातात घेतला. बोटांच्या बेचक्यांत जुने काळे डाग होते, खाजवून खाजवून कातडी जाड झालेली. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला, आणि तो भरून यायला वेळ लागला.

"चिखल्या होतात ना पावसाळ्यात?"

"कुणाला नाय होत?"

"शेतात चप्पल नाय घालत?"

"शेतात?" गोदूबाईने उशीवरून मान उचलली. "आयच्या अंगावर कुणी चपला घालून चढतं का? बांधावर काढून ठेवतो आम्ही."

पुंडलिकने यंत्र चालवलं. कागद आला. लहर खालीच होती, पेणच्यासारखीच. जगनने ती पाहिली आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. त्याला पट्टी वाचता येत नव्हती, पण एवढी एक लहर आता तो ओळखत होता.

"थांबा जरा," पुंडलिक म्हणाला. "पट्टी खोटी नाय. पण काळीज थकलंय एवढंच पट्टी सांगते, कशानं थकलंय ते नाय सांगत. यांचं रक्त तपासा, शी तपासा. चिखलात एक जंत असतो, अनवाणी पायातून शिरतो, आतड्यात जाऊन चिकटतो नि वर्षानुवर्षं रक्त पितो. अंगात रक्तच नसलं तर काळीज काय करील? इथे भातशेतीतल्या बायकांच्या अशा पट्ट्या मी पाहिल्यात. औषध घेतलं नि रक्त भरलं, की परत सरळ येतात."

"मग पेणचे डॉक्टर काय येडे?"

"येडे कशाला? ते छाती बघतात. मला पट्टे घोट्याला बांधावे लागतात, म्हणून पाय दिसतात." मग गोदूबाईकडे वळून तो हळूच म्हणाला, "मावशी, माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काय खावंसं वाटतं का?"

जगन शेजारीच उभा होता. साठीची बाई, नातीची आजी, आणि माती खाते? गोदूबाईने मान हलवली. नाही.

तपासणीची खोली अकराला बंद होई आणि साडेअकरा झाले होते. उद्या सकाळी रक्त द्यायला या आणि येताना काडेपेटीत शी आणा, असं सांगून पुंडलिकने त्यांना पाठवलं.

आता हे काडेपेटीचं प्रकरण. वरशाच्या त्या इमारतीत संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. सकाळी बाहेर डबे घेऊन रांग. त्या रांगेतून काडेपेटी घेऊन जायचं, भरून परत आणायची, आणि सुनेच्या हातात द्यायची? अनिताच्या हातात, ज्या हातांनी ती पोळी वाढते? गोदूबाई पहाटेच उठून बसली. खांबला असती तर रानात गेली असती, कुणाला पत्ता लागला नसता. तेवढ्यात सुरभी उठली. पोरीला अजून गॅलरीत कागदावर बसवत. गोदूबाईने त्या कागदावरून काडी फिरवली, काडेपेटी भरली, दोऱ्याने बांधली आणि जगनच्या हाती दिली. नातीचं आहे म्हटल्यावर तिला काहीच वाटलं नाही. जंताने कधी काळीज उलटं होतं का? ते एक पुंडलिकचं बोलणं. शिवाय कुणाचं आहे ते तपासणाऱ्याला कुठे कळणार?

रक्त द्यायला मात्र ती गेली नाही. "आधीच कमी हाय म्हणता, त्यातलं आणिक काढायचं?" जगनलाही पाळीला जायचं होतं. तो एकटाच काडेपेटी देऊन आला.

दोन दिवसांनी कागद आला. काही नाही. जंत नाही, अंडी नाहीत. जगनने तो तिच्यासमोर ठेवला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "आये, झालं ना मनासारखं? आता हट्ट सोड. रविवारी मी नि गोविंदा कौलं उतरवून घेतो."

तो बुधवार होता. गुरुवारी दिवसभर गोदूबाई खिडकीत बसली. समोरच्या घरी चादरी वाळत होत्या. डब्यात शेवटचं ढेकूळ उरलं होतं, ते तिने खाल्लं आणि रिकाम्या डब्यात बोट फिरवून बोट चाटलं. बोट चाटतानाच तिच्या हातून डबा निसटला. पुंडलिकने विचारलं होतं ते तिला आठवलं. माती, खडू, कच्चे तांदूळ. त्याला कसं कळलं? पायावरून त्याला माती कळली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि आपण त्याला दिलं काय? नातीचं.

शुक्रवारी अनिता सुरभीला बालवाडीतून आणायला गेली आणि गोदूबाई उठली. चपला घातल्या, दार ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती बसलीच. मग बसूनच एकेक पायरी उतरली, लहान पोर उतरतं तशी. पहिल्या मजल्यावरची एक शेजारीण दारात आली. "अगं बाई, आजी! कुणीकडे?"

"दवाखान्यात."

"एकट्याच?"

"मग? वरात घेऊन जाऊ?"

शेजारीण ओशाळून हसली आणि आत गेली. गोदूबाईला वाटलं, हिला हात मागायला हवा होता. पण बाई गेली होती.

वरशापासून दवाखाना फार लांब नाही. धडधाकट माणूस गप्पा मारत जाईल एवढंच अंतर. गोदूबाई मोरीच्या कठड्यावर बसली, बंद टपरीच्या फळीवर बसली, एका कुंपणाला धरून नुसतीच उभी राहिली. कानात सतत पाण्यासारखा आवाज. सायकली जात होत्या, कंपनीची बस गेली, बाजारच्या पिशव्या घेतलेल्या बायका गेल्या. कुणी तिला ओळखत नव्हतं, म्हणून कुणी थांबवलंही नाही. मनात आलं, इथे पडले तर कुणाची कोण हे सांगायला माणूस नाही. खांबला कुत्र्यांनासुद्धा आपलं नाव ठाऊक आहे. पाऊल उचलायचं, ठेवायचं. छातीत ते वटवाघूळ पंख आपटत होतं.

पुंडलिक डबा खात होता. दारात तिला पाहून उठला, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ती ते घोट घोट करून प्याली. मग म्हणाली, "ते माजं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"काडेपेटीतलं."

पुंडलिकच्या हातात पोळीचा तुकडा तसाच राहिला. "मग कुणाचं?"

"नातीचं."

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसू आवरून तो परत वळला तर गोदूबाई रडत होती. पदर तोंडात धरून, आवाज न करता. "आन् मी माती खाते," ती म्हणाली. "दोन वर्षं. चुलीची."

"बरं झालं सांगितलंत," पुंडलिक म्हणाला. डबा झाकून तो डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं दाबली. पापणी आतून कोऱ्या कागदासारखी होती. रक्त त्यांनी तिथल्या तिथे काढायला लावलं. बारा हवं तिथे पाच भरलं. दुसऱ्या दिवशी काडेपेटीही गेली, या वेळी खरी, आणि त्यात जंताची अंडी मोजता येईनात इतकी निघाली.

शुक्रवारी दवाखान्याचा निरोप मिळताच जगन कंपनीच्या कपड्यांतच धावत आला होता. तिला खाटेवर पाहून आधी ओरडला. "जिन्यात पडली असतीस तर?"

"पडले नाय ना."

मग तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, की काळीज रोगी नाही, उपाशी आहे. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. रविवारी तो खांबला गेला नाही. कौलं राहिली. वालाची पेरणी मात्र थांबण्यासारखी नव्हती, जमिनीतली ओल कुणासाठी थांबत नाही. ते शेत त्या हंगामापुरतं गोविंदाचंच झालं.

जंताचं औषध झालं आणि मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत गोदूबाईला भाताचा वास येऊ लागला. महिन्याने तिने अनिताच्या हातून तांब्या हिसकावून घेतला. जिना आता ती भिंतीला हात लावून चढू-उतरू लागली. अंगणात धुणी घालणारी समोरची बाई तिला पहिल्यांदा जवळून दिसली. आश्चर्य म्हणजे ती थेट गोदूबाईच्या माहेरच्या गावची निघाली.

पण एक झालं. मैना पौषात पुन्हा भेटायला आली. गेल्या खेपेला गोदूबाईने तिच्या कानात सांगून चुलीच्या मातीचं एक ढेकूळ मागवलं होतं, ते तिने आणलं. गोदूबाईने ते जिभेवर ठेवलं. माती. नुसती माती, दाताखाली करकरणारी. तिने मोरीत थुंकून चूळ भरली आणि तिथेच उभी राहिली. ती ओढ गेली होती. इतके महिने जिला घराची हाक समजून ती कोपऱ्यात रडली, ती जंतांची भूक होती. मग घराचं काय? खांब आठवून पाहिलं. आंबा आठवला, ओटी आठवली, पण डोळ्यांत पाणी येईना. इथे आता सुरभी मोठ्याने हसत होती, अनिता तिला भाजी निवडायला देत होती. गोदूबाईला भीती वाटली. आपल्याला खरंच जायचं होतं, की आपल्या आतलं दुसरंच कुणी जायला सांगत होतं?

हे विचारायलाही कुणी नव्हतं. असलं काही कुणाला विचारतात का?

माघात तिसरी पट्टी निघाली. पुंडलिकने दुसरी नि तिसरी शेजारी शेजारी धरल्या. जिथे खळगा होता तिथे आता लहर वर आली होती, गोल, टेकडीसारखी. "बघा मावशी. ओळखू येते का, तुमचीच हाय?"

"नातीची नाय ना?" गोदूबाई म्हणाली. आता मात्र पुंडलिक तोंड न फिरवता हसला.

घरी आल्यावर जगन म्हणाला, "आये, इथं तुला काय कमी हाय?"

"काय नाय कमी."

"मग?"

ओढ म्हणावी, तर ओढ उरली नव्हती. "इथं मी बसते," ती अखेर म्हणाली. "तिथं मी काम करते."

जगन उठून आत गेला. सकाळी तिने पिशवी उचलली तेव्हा ती जड लागली. आत त्याचे कंपनीचे काळे गमबूट होते, धुऊन पुसून, पुढच्या बाजूला चिंध्या कोंबलेले, तिच्या पायांना बसावेत म्हणून. तो पाळीला निघून गेला होता.

खांबला ती एकटीच उतरली. कुलूप गंजलं होतं, दगडाने ठोकावं लागलं. आत कोळिष्टकं आणि उंदरांचा वास. मैनाच्या दाराला कडी होती. ती लेकीच्या बाळंतपणाला पेणला गेली होती, महिनाभर तरी येणार नव्हती. गोदूबाईने झाडलं, सारवलं, चूल पेटवली, पिठलं केलं. ताट वाढून घेतलं तेव्हा लक्षात आलं, की दिवसभरात एक शब्द बोललेली नाही. तिने मोठ्याने म्हणून पाहिलं, "मीठ कमी पडलंय." आवाज भिंतीला लागून तिच्याकडेच आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच शेतात माणसांचे आवाज आले. वाल उपटणं चाललं होतं. दव असेपर्यंतच उपटायचे, ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. गोविंदा नि पाच-सहा बायका होत्या. गोदूबाई गमबूट घालून बांधावर आली तशी एकजण फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"काकी! तुम्ही कशाला आलात?" गोविंदा धावत आला. "बसा सावलीत. तुमचं काळीज..."

"बरं झालंय. पट्टी सरळ आलीय."

"हो, हो," तो म्हणाला, पोराची समजूत घालावी तसा. "पण वाकू नका. पोरींनो, काकीला जागा द्या बसायला."

पट्टी रोह्याच्या दवाखान्यात सरळ झाली होती, गावाच्या डोक्यात अजून उलटीच होती. कागद दाखवावा, तर वाचणार कोण? गोदूबाईने बांधावरून खाली पाऊल टाकलं. काळ्या रबराखाली जमीन कशी आहे ते कळेना. तिने जमिनीला हात लावून कपाळाला लावला, मनात माफी मागितली, आणि शेवटच्या ओळीची पात धरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

शेजारच्या पातीवरचं बोलणं थांबलं. मग त्यापलीकडचं. सगळ्या जणी उपटत होत्या, पण कान तिच्याकडे लावून. ती पडते कधी, याची वाट बघितल्यासारखं. गोदूबाई वाकली, वेल मुळाशी धरला, ओढला, झटकला, मागे टाकला. पुन्हा वाकली. एवढ्या माणसांत एवढी शांतता तिने वरशालाही पाहिली नव्हती. अर्ध्या शेतापर्यंत फक्त मुळं सुटण्याचा आवाज. घाम आला, श्वास वाढला, पण तो नुसता कामाचा श्वास होता. कंबर दुखू लागली. तिला बरं वाटलं.

पात पाऊण सरली तेव्हा मागून एका तरुण पोरीचा आवाज आला. जनूची सून असावी, गोदूबाईने तिला लग्नातच काय ती पाहिली होती.

"ओ काकी, तुमची पात वाकडी चाललीय! माझ्यात शिरताय!"

गोदूबाईने वळूनही पाहिलं नाही. "तुझीच वाकडी हाय गो. डोळे उघडून उपट."

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्या पोरीला म्हणालं, घे, मिळालं उत्तर. आणि पलीकडच्या पातीवर दोघींचं अर्धवट राहिलेलं भांडण, कुणाची कोंबडी कुणाच्या परसात गेली त्याचं, पुन्हा सुरू झालं.